आधी कान, मग यंत्र

१८८१ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर ग्रॅहम बेल अमेरिकेच्या अध्यक्षांच्या उशाशी टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून उभे होते. तारेच्या दुसऱ्या टोकाला बोलणारं कुणी नव्हतं. अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी लागली होती. ती शरीरात नेमकी कुठे रुतली आहे हे डॉक्टरांना सापडत नव्हतं, आणि क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. म्हणून बेल यांनी तारेच्या वेटोळ्यांचं एक यंत्र तयार केलं. वेटोळी अंगावरून फिरवायची, खाली धातू आला की रिसीव्हरमध्ये आवाज उमटायचा. पहिल्या खेपेला जोडणीतल्या चुकीमुळे नुसतीच खरखर ऐकू आली. १ ऑगस्टच्या दुसऱ्या खेपेला आवाज आला, पण तो एका जागी थांबेना, बऱ्याच मोठ्या भागावर पसरून येत राहिला. अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्याखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे नंतर उघड झालं. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी मुख्य डॉक्टरांची ठाम समजूत असल्यामुळे तपासणी त्याच बाजूची झाली. गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

मेटल डिटेक्टरच्या इतिहासात ही हकिगत सगळीकडे सांगितली जाते, आणि ती बहुधा अपयशाची गोष्ट म्हणून सांगतात. मला तिच्यातली वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते. या यंत्राला सुरुवातीला काटा नव्हता, आकडे नव्हते, पडदा नव्हता. होता तो फक्त कान. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक घेऊन १९४२ साली एल अलामेनच्या वाळूत सैनिक पुढे सरकले, तेही कानांवर हेडफोन चढवूनच. आज डिटेक्टरवर रंगीत पडदे आले, दोन आकडी क्रमांक आले, मोबाइलशी जोडणी आली. तरी जमिनीत खाली काय आहे याची पहिली आणि सर्वांत खरी खबर आजही आवाजातूनच येते. पहिलं मशीन घेणारा माणूस मात्र पडदा बघून मशीन निवडतो आणि हेडफोनचा विचार शेवटी करतो, किंवा करतच नाही.

मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधण्याचा छंद ब्रिटनमध्ये जितका रुजला आहे तितका फार थोड्या देशांत असेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गहू आणि बार्ली कापून झाली की शेतात धसकटं उरतात, नांगरट व्हायची असते, आणि त्या दोन-चार आठवड्यांत शेतकऱ्याची परवानगी घेऊन डिटेक्टरवाले रानात उतरतात. बीबीसीवरच्या मॅकेन्झी क्रुक यांच्या ‘डिटेक्टरिस्ट्स’ मालिकेने २०१४ पासून या माणसांना घराघरांत नेलं. मी सफक परगण्यात राहायला आल्यापासून इथल्या एका क्लबाबरोबर जातो. गेल्या वर्षी माझा भाचा पुण्याहून नोकरीसाठी इकडे आला, दोन रविवार माझ्यासोबत रानात फिरला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला.

“मामा, मशीन बघून ठेवलंय. साडेसातशे पौंडांचं.”

“आणि हेडफोन?”

“ते असतात ना बॉक्समध्ये. नसले तर माझे ब्लूटूथचे आहेतच.”

हा लेख त्या फोनवर मला जे सगळं सांगता आलं नाही त्याबद्दल आहे.

मशीन काय करतं ते आधी थोडक्यात. दांड्याच्या टोकाला जी चपटी गोल तबकडी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज सोडली की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्याच्या अंगात छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं, आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. धातू जितका चांगला वाहक आणि वस्तू जितकी जाड, तितका परत येणाऱ्या लहरीला उशीर होतो. या उशिरावरून मशीन ठरवतं की खाली लोखंड असावं, चांदी असावी की शिशाचा तुकडा, आणि त्या प्रत्येकाला वेगळा स्वर देतं. लोखंडाला खालचा, घरघरता. तांबं-चांदीला वरचा, स्वच्छ. सोन्याची पातळ अंगठी, चॉकलेटची चांदी आणि पेयांच्या डब्याची कडी मधल्या स्वरांत एकमेकांच्या इतकी जवळ बसतात की पडद्यावरचा आकडा बघून त्यांना वेगळं करता येत नाही.

इथे कान कामाला येतो. मशीन आकडा देतं ती त्याची अटकळ असते. आवाज मात्र बरंच काही अधिक सांगतो. स्वर गोल आहे की कडेला फाटतोय? कॉइल डावीकडून नेली तर येतो आणि उजवीकडून नेली तर गायब होतो का? स्वतः काटकोनात फिरून पुन्हा कॉइल फिरवली तर तोच स्वर टिकतो का? वाकलेला गंजका खिळा एका दिशेने चांदीसारखा गातो आणि दुसऱ्या दिशेने घरघरतो. पडद्यावर दोन्ही वेळी मोठा आकडा दिसू शकतो. मध्ययुगातली हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची पेनी जेमतेम १८ मिलिमीटर रुंद आणि दीड ग्रॅमपेक्षा हलकी असते. ती वीतभर खोल असेल तर तिचा आवाज म्हणजे एक पुसटशी कुजबूज, आणि पडद्यावर बहुतेक वेळा काहीच नाही.

काही मशीनांत एक अखंड मंद गुणगुण चालू ठेवता येते. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. मैफलीत तानपुरा मागे चालू असतो म्हणून गायकाचा स्वर किंचित उतरला तरी कळतं, तसंच हे आहे. गुणगुण क्षणभर बुडाली किंवा किंचित उंचावली, की खाली काहीतरी आहे. हा बदल मशीनच्या स्पीकरवर, उघड्या शेतात, सफकच्या वाऱ्यात ऐकू येणं केवळ अशक्य. स्पीकर लावून फिरणारा माणूस वरच्या चार बोटांतलं शोधतो. त्याच मशीनला चांगले हेडफोन जोडले की त्याला अधिक खोलवरचं ऐकू यायला लागतं. मशीनची ताकद तीच असते, फक्त ते आधीपासून जे सांगत होतं ते आता कानापर्यंत पोचतं. स्पीकर बंद राहिल्यामुळे बॅटरी वाचते, आणि शेजारच्या माणसाला दिवसभर आपली टुणटुण ऐकावी लागत नाही, हे वरकड फायदे.

आता भाच्याच्या ब्लूटूथकडे. गाणी ऐकायला आणलेले साधे ब्लूटूथ हेडफोन आवाज पोचवायला सहज १५० ते २०० मिलिसेकंद घेतात, कधी त्याहूनही जास्त. गाण्यात ते जाणवत नाही. डिटेक्टरवाला मात्र कॉइल साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने डावी-उजवी फिरवत असतो. म्हणजे २०० मिलिसेकंदांत कॉइल २० सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते. डावीकडून उजवीकडे जाताना वस्तू आहे त्याच्या २० सेंटिमीटर उजवीकडे वाटते, परत येताना २० सेंटिमीटर डावीकडे. एकाच नाण्याच्या दोन जागा, चाळीस सेंटिमीटर अंतरावर! नवखा माणूस दोन्हीकडे खणतो आणि दोन्हीकडे रिकामा राहतो. मशीन घेतल्यावर भाच्याने पहिल्याच रविवारी हे करून पाहिलं. मी काही बोललो नाही, माझे वायरवाले त्याला दिले आणि त्याच खड्ड्याकडे परत पाठवलं. त्याला तिथे जॉर्ज पाचव्याच्या काळातली ब्राँझची पेनी मिळाली. मोल काहीच नाही, पण जागा अचूक कळली.

बिनवायरचं सगळंच वाईट असं मात्र नाही. एपीटीएक्स लो लेटन्सी नावाची ब्लूटूथची पद्धत हा उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणते, म्हणजे चुकामूक चार सेंटिमीटरची, आणि ती हाताला सवयीने भरून काढता येते. मात्र ती पद्धत मशीन आणि हेडफोन दोघांकडेही असायला हवी. एकाकडे नसेल तर जोडणी मुकाट्याने जुन्या, संथ पद्धतीवर घसरते आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही. काही कंपन्या स्वतःचीच बिनतारी पद्धत वापरतात, ती आणखी वेगवान असते. फ्रान्सच्या तुलूजमधल्या एक्सपी कंपनीने ‘डेउस’ या मशीनमध्ये तर हेडफोनलाच मशीनचा मेंदू बनवलं. कॉइल, छोटा पडदा आणि हेडफोन हे तिन्ही एकमेकांशी बिनतारी बोलतात, पडदा घरी ठेवला तरी नुसत्या हेडफोनवर मशीन चालतं. ज्याला काटेकुट्यांतून, कुंपणांखालून जावं लागतं त्याला वायर नसण्याचं सुख कळतं. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत वायर अडकून कानांवरून हेडफोन ओढले गेले की माणूस चांगलाच वैतागतो.

तरीही पहिल्या मशीनसोबत मी वायरवालेच घ्या म्हणतो. २० ते ६० पौंडांत चांगले मिळतात, दुपारी त्यांची बॅटरी संपत नाही, आणि उशिराचा प्रश्नच येत नाही. शिकताना कान आणि हात यांची सांगड बसायला हवी, आणि ती बसवायला आवाज त्याच क्षणी यायला हवा. पुढे बिनवायरचे घ्यायचे तर खुशाल घ्या.

वायरवाले घेताना दोन-तीन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. पहिली पिनची. जुन्या आणि काही नव्या मशीनांना ६.३५ मिलिमीटरची जाड पिन लागते, बऱ्याच नव्यांना मोबाइलसारखी ३.५ मिलिमीटरची. छोटा अडॅप्टर लावून काम भागतं, पण हलणाऱ्या दांड्यावर लोंबणारा अडॅप्टर ढिला होतो आणि त्याची खरखर नेमकी जमिनीतल्या आवाजासारखी वाटते. पाण्यात चालणाऱ्या काही मशीनांना तर कंपनीचा स्वतःचा वेगळा जोड असतो, तिथे बाजारातला कुठलाही हेडफोन चालत नाही. दुसरी गोष्ट मोनो आणि स्टिरिओची. मशीनचं भोक मोनो असेल आणि हेडफोन स्टिरिओ, तर एक कान गप्प बसतो. डिटेक्टरसाठी बनवलेल्या कित्येक हेडफोनांवर यासाठी एक छोटी कळ असते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित, आवाज कमी-जास्त करण्याची सोय हेडफोनवरच असणं. दोन्ही कानांना वेगवेगळी असेल तर उत्तमच. फार थोड्या माणसांचे दोन्ही कान सारखे ऐकतात. नांगराचा फाळ किंवा पाण्याचा जुना लोखंडी पाइप कॉइलखाली आला की मशीन किंचाळतं. मंद कुजबूज ऐकायची म्हणून आवाज वाढवून ठेवलेला असतो, आणि ती किंकाळी सरळ कानात घुसते. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सहन करावा अशी शिफारस आहे, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. रानातला एक दिवस सहा-सात तासांचा सहज होतो. म्हणून आवाजाला वरची मर्यादा घालणारे, म्हणजे ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊच न देणारे हेडफोन घ्यावेत, आणि मशीनवर क्षीण आवाज उचलून धरणारी सोय असेल तर ती वापरावी. हेडफोनच्या विद्युतरोधाच्या, म्हणजे ओहमच्या आकड्यांवरून डिटेक्टरवाल्यांत तावातावाने चर्चा चालतात. बहुतेक नव्या मशीनांना ३२ ओहमच्या आसपासचे साधे हेडफोन चांगले चालतात, त्यात पहिल्या वर्षी अडकू नये.

क्लबात पन्नाशी-साठीच्या पुढची माणसं बरीच असतात, आणि वयाबरोबर सर्वांत आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. नेमकी चांदी वरच्या स्वरात गाते. चांगल्या मशीनमध्ये हे स्वर खाली आणता येतात. आई-वडिलांसाठी किंवा सासऱ्यांसाठी मशीन घेणार असाल तर ते दुकानात त्यांच्याच कानाला लावून बघा. मशीन निवडण्याआधी ही परीक्षा व्हायला हवी, नंतर नव्हे.

कान पूर्ण झाकणारे घ्यावेत की उघडे? वाऱ्याच्या उघड्या माळावर झाकणारे. पण गाई-बैल सोडलेल्या कुरणात, रस्त्याच्या कडेला, किंवा शेतात ट्रॅक्टर फिरत असताना एक कान मोकळा हवाच. कानाजवळच्या हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन यासाठी काहीजण वापरतात. त्यांत बारीक स्वर जरा पुसट होतात, पण पाठीमागून येणारा बैल ऐकू येतो. आणि कान पूर्ण झाकले की उन्हाळ्यात घामाने चिकचिकतात, म्हणून गादी काढून धुता येणारी असावी. समुद्रकिनाऱ्यावर लाटांत उतरणार असाल तर जलरोधक हेडफोन लागतात. त्यांचा आवाज पातळ आणि कर्कश असतो, शिवाय ते महागही. पहिल्या वर्षी कोरड्या वाळूत फिरा, तोपर्यंत त्यांची गरज नाही.

हेडफोन लावून पहिल्या दिवशी नवख्याला जे सर्वांत जास्त ऐकू येतं ते जमिनीतलं नसतंच. विजेच्या कुंपणाची टिक-टिक, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, खिशातला मोबाइल, शेजारच्या माणसाचं मशीन. आणि स्वतःचे बूट. कारखान्यात घालतात तसे पुढे पोलादी वाटी असलेले बूट घालून आलेला माणूस दर पावलाला खजिना ऐकतो. गारफिल्ड यांच्या गादीतल्या तारांनी बेल यांना जे केलं तेच हे बूट करतात. म्हणून सामानाच्या यादीत मी रबरी किंवा धातूविरहित बूट फार वर ठेवतो.

हेडफोननंतर पैसे खर्च करायचे ते पिनपॉइंटरवर. हा हातात मावणारा, जाड गाजराएवढा छोटा डिटेक्टर. गॅरेट या अमेरिकन कंपनीचा केशरी रंगाचा पिनपॉइंटर इतका पसरला आहे की इंग्रज त्याला गाजरच म्हणतात. मोठ्या मशीनने जागा दाखवली, तुम्ही मातीचं ढेकूळ उचललं, आता त्या ढेकळात नाणं कुठे? ते मातीच्याच रंगाचं असतं. पिनपॉइंटरचं टोक पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जवळ आलं की तो थरथरतो किंवा वाजतो. नसेल तर माणूस मातीत बोटं खुपसत बसतो, फावड्याने आणखी खणतो, आणि हजार वर्षांचं पातळ नाणं पात्याने चिरतं. मी अशी दोन तुकड्यांतली नाणी पाहिली आहेत. ती पाहवत नाहीत. पिनपॉइंटरने खड्डा लहान राहतो, हिरवळ लवकर सांधते आणि शेतकरी पुढच्या वर्षीही हो म्हणतो. पुष्कळदा वस्तू खड्ड्यात नसतेच. ती कडेच्या भिंतीत असते किंवा बाहेर काढलेल्या ढिगाऱ्यात. पिनपॉइंटर चालू करताना मोठं मशीन जरा दूर ठेवावं, नाहीतर दोघं एकमेकांना ऐकतात. आणि त्याला दोरी बांधून कमरेला अडकवा. रानात गवतात पिनपॉइंटर हरवणं ही फार सामान्य गोष्ट आहे.

तिसरा खर्च खणायच्या हत्याराचा. शेतात लांब दांड्याची, अरुंद पात्याची, पायाने दाबायची स्पेड लागते. बागेतलं खुरपं इंग्लंडच्या चिकट चिखलात पहिल्याच दिवशी वाकतं. कुरणात मात्र खुरप्याएवढं मजबूत पातं बरं, त्याने तीन बाजूंनी गवताचा जाड थर कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची, आणि काम झालं की तो झाकणासारखा परत बसवून पायाने दाबायचा. चांगली स्पेड ४०-५० पौंडांना मिळते आणि आयुष्यभर टिकते.

बाकीचं लवकर उरकतो. कमरेला दोन कप्प्यांची पिशवी, एकात वस्तू, दुसऱ्यात कचरा. कचरा परत जमिनीत टाकायचा नाही, शिशाचे तुकडे आणि काडतुसांची टोपणं घरी न्यायची. हात धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत, कारण शिसं. हातमोजे. धनुर्वाताची सुई घेतली आहे ना हे बघा, गंजक्या लोखंडात हात घालणार आहात. बॉम्बसारखं, शेपटीला पाती असलेलं काही दिसलं तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना फोन, दुसऱ्या महायुद्धाची न फुटलेली सामग्री आजही इथे निघते. पेन्सिल सेलवर चालणारं मशीन असेल तर रिचार्जवाले सेल १.२ व्होल्टचे असतात, साध्यांचे १.५, म्हणून बॅटरीचा मीटर पूर्ण भरलेला दिसत नाही, घाबरू नका. एक जोडी जास्तीची ठेवा. कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर घ्या पण दर दोन तासांनी उघडून आतली ओली माती झटका, नाहीतर कॉइल तिलाच ऐकत बसते. दुसरी, लहान कॉइल पहिल्या वर्षी घेऊ नका. मोठी खोल बघते, लहान खिळ्यांच्या गर्दीत वस्तू वेगवेगळ्या दाखवते, पण हा फरक कानाला कळायला आधी एक हंगाम लागतो.

एक गोष्ट मात्र घाईत सांगून चालणार नाही. छोट्या प्लास्टिकच्या डब्या, त्यांत मऊ कागद, एक पेन आणि चिठ्ठ्या. वस्तू निघाली की न घासता, न धुता डबीत, आणि डबीवर जागेचा नकाशा-क्रमांक. मोबाइलवर तो दोन सेकंदांत मिळतो. हे सामान तीन पौंडांत येतं आणि मला ते साडेसातशे पौंडांच्या मशीनइतकंच मोलाचं वाटतं. जागा हरवलेलं नाणं म्हणजे फक्त धातू. ते कुठे, किती खोल, कशाशेजारी होतं हे कळलं तरच त्यातून इतिहास निघतो.

माझ्याच परगण्यात हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले. कानात जोरदार आवाज आला, मातीतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, रोमन नाणी निघू लागली. थोडं वर काढल्यावर ते थांबले. त्यांनी खणणं बंद केलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं जागेवरच व्यवस्थित खणलं. ज्या लाकडी पेटीत ते सगळं ठेवलं होतं तिचे अवशेष, कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात होती हे सुद्धा त्यामुळे कळलं. चौथ्या शतकाच्या अखेरीची आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीची सुमारे पंधरा हजार नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्या-चांदीच्या वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हातोडाही सापडला, आणि तोही म्युझियमने जपून ठेवला आहे. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना मातीच्या मोठ्या घड्यात ५२,५०३ रोमन नाणी मिळाली. त्यांनीही घडा पूर्ण उपसला नाही, तज्ज्ञांना बोलावलं. थर-थर वेगळे काढता आले म्हणून तो घडा एकाच वेळी भरला असावा असं अभ्यासकांना म्हणता आलं.

उलटंही घडलं आहे. २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ दोघांना सॅक्सन काळातल्या नाण्यांचा आणि दागिन्यांचा मोठा साठा मिळाला आणि त्यांनी तो लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. त्या साठ्यातली बहुतेक नाणी आजही सापडलेली नाहीत. जमिनीत हजार वर्षं एकत्र राहिलेली नाणी काही महिन्यांत कायमची पांगली, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून ब्रिटनमध्ये मशीन घेणाऱ्याने काही कागदही पिशवीत ठेवावेत. जमीनमालकाची लेखी परवानगी, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं याचा आधीच ठरलेला करार, आणि विमा. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं की विमा त्यासोबत मिळतो. संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये तीनशे वर्षांपेक्षा जुनी, किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू (सुटं एखादं नाणं सोडून) मिळाली तर १४ दिवसांत कोरोनर या स्थानिक अधिकाऱ्याला कळवावं लागतं. स्कॉटलंडचा नियम वेगळा आणि कडक, तिथे पुरातन वाटणारी कुठलीही वस्तू कळवायची. ज्या वस्तू ट्रेझरमध्ये बसत नाहीत, बटणं, बकल, एकेकटी मिळालेली नाणी, त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे नोंदवता येतात. परगण्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे वस्तू नेली की तो मोजतो, फोटो काढतो, आणि ती यादीत जाते. त्या यादीत आज पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत, त्यांपैकी बहुसंख्य अशा छंदिष्टांच्या कानांनीच शोधलेल्या.

भाचा आता वायरवाले हेडफोन लावतो, पिनपॉइंटर दोरीला बांधतो आणि डब्यांवर क्रमांक लिहितो. यंदा त्याने सुटीत घरी जायचं ठरवलं तेव्हा नाशिकच्या त्याच्या चुलतभावाचा निरोप आला, “दादा, मशीन घेऊन ये, आपल्या मळ्यात बघू.” मी त्याला ठामपणे नको म्हणालो, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनाही तेच सांगतो. भारतात हा छंद म्हणून करण्याजोगी व्यवस्थाच नाही. इंग्लंडसारखे नोंदणी अधिकारी आणि क्लब नाहीत, संरक्षित स्मारकांच्या हद्दीत खणणं गुन्हा आहे, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, मूर्ती, भांडी या पुरावस्तू ठरतात. त्यातून आपल्याकडे गुप्तधनाचं वेड आहे. त्यापायी माणसांचे जीव गेले आहेत, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला. अशा वातावरणात रात्री-अपरात्री शेतात मशीन फिरवणाऱ्याकडे गाव कसं बघेल, हे सांगायला नको.

साठा एकत्र राहिला तर काय हाती लागतं याचं नाशिकचंच उदाहरण द्यायचं तर जोगलटेंभीचं देता येईल. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला होता. नहपानाचा पाडाव सातकर्णीने केला याचा इतका भक्कम पुरावा त्या नाण्यांनी दिला, तो ती सुटी-सुटी सराफांकडे वितळली नाहीत म्हणून. कुणाला नाण्यांची गोडी लागली असेल तर नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून यावं.

आणि नांगराच्या फाळाला खरोखरच नाण्यांचा घडा लागला तर? घडा हलवायचा नाही. नाणी चिंचेने किंवा राखेने घासायची नाहीत. जागा झाकून ठेवायची, मोबाइलवर फोटो आणि ठिकाण नोंदवायचं, आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीतलं धन कळवणं त्याने बंधनकारक आहे. त्या धनावर दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही तर शोधणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक-चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. न कळवता ठेवून घेणाऱ्याचा वाटा जातो, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.